गोठलेली लस

त्या काळी डोंगरावरच्या वस्तीत धनुर्वात हक्काच्या पाहुण्यासारखा यायचा. नाळ कापली की हा आलाच मागोमाग. वस्तीतल्या एका सासूबाईंनी दोन नातवंडं तशीच पुरली होती, तरी सुईचं नाव काढलं की अंगावर यायच्या. नर्सबाईंनी वर्षभर त्यांच्या उंबऱ्यावर बसून नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा कुठे सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन त्या दवाखान्याची पायरी चढल्या.

"टोचा एकदाची. तुमची कटकट तरी मिटेल," बाकावर टेकत त्या म्हणाल्या. सुनेने बाही वर सरकवली.

नर्सबाईंनी फ्रिज उघडला. लसीच्या बाटल्यांमध्ये घट्ट बर्फ झाला होता.

"मावशी, बटण कोणी फिरवलं?"

"मीच की!" झाडलोट करणाऱ्या मावशी शाबासकीच्या आशेने पुढे आल्या. "इतक्या दिवसांनी वीज आली. म्हटलं, माणसांना नाही, निदान औषधांना तरी गारवा मिळू दे. पार टोकाला नेलं."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. ही लस एकदा गोठली की वितळली तरी निकामीच. नवी यायची नदीपलीकडून, आणि तो रस्ता पावसाळा संपेपर्यंत बंद. तोवर सून बाळंत झाली असती.

"वितळवा नि टोचा," मावशी कानाशी लागल्या. "कोणाला कळतंय?"

बाटली क्षणभर नर्सबाईंच्या मुठीत राहिली. मग त्यांनी सासूबाईंना खरं ते सांगून टाकलं.

"वर्षभर माझा जीव खाल्लात, आणि आता म्हणता औषध नासलं?"

"चूक आमचीच, काकू. पण ही पुडी घेऊन जा. नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबण. नाळ यानेच कापा. वर राख लावू नका. एवढं तरी ऐका."

"का? आमचा विळा झिजलाय?" सासूबाई उठल्या. "चल गं. पुन्हा या बाईंच्या नादी लागायचं नाही."

सुनेने बाही हळूहळू खाली ओढली. दारात तिने एकदा मागे वळून पाहिलं, पण सासूने दंड धरला होता.

संध्याकाळी केर काढताना मावशींना बाकाखाली ती पुडी सापडली. त्यांनी ती पदराने पुसली आणि टेबलावर ठेवली. कोपऱ्यात फ्रिज मजेत घुरघुरत होता.