शेवटच्या ओळीतली आठ अक्षरं

मी एक कागद बोलतोय. वर्गात मिळतो तसला नव्हे. नाईलकाठच्या दलदलीत वाढलेल्या लव्हाळ्याचा मी. माझा गाभा चिरून त्याच्या पट्ट्या आडव्याउभ्या मांडल्या आणि ठोकून ठोकून मला सपाट केलं. एवढा मार खाल्लेल्याने गोड बोलावं अशी अपेक्षा ठेवू नका.

मला दोन बाजू आहेत. एकीवर खोटं लिहिलंय, दुसरीवर खरं. तुमच्या संग्रहालयाने कोणती बाजू भिंतीकडे केली असेल, सांगा पाहू.

सुरुवातीला माझ्यावर अर्ज होता. अर्जदार सेनोसिरिस, विधवा, कालव्याकाठी बिअर गाळून विकणारी. आमच्याकडे दरवर्षी पूर ओसरला की शेतं नव्याने मोजतात, कारण गाळाखाली हद्दीचे दगड गडप होतात. गावचा लेखनिक निकानोर याने मोजणीत तिच्या शेताची आठ पावलं आपल्या मेव्हण्याच्या शेतात ढकलली. पावलं आठच, पण तिच्या पाटाचं तोंड नेमकं त्यांत होतं. पाणी बंद. जव करपले. जव नाही तर बिअर नाही, आणि बिअर नाही तर चूल नाही.

तिने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. अधिकाऱ्याने शेवटी शेरा मारला, 'गावच्या लेखनिकाने लक्ष घालावे.' म्हणजे अर्ज निकानोरविरुद्ध आणि चौकशी निकानोरकडे. त्याने खाली लिहिलं, 'लक्ष घातले. तक्रार उरलेली नाही.' अर्ज परत. असे पाच अर्ज गेले आणि पाच आले. ही काही चूक नव्हती, आमच्या राज्याची रीतच होती. वरचा खालच्याला विचारी आणि खालचा स्वतःला निर्दोष सोडून देई. दोघांचीही अक्षरं फार सुरेख होती.

पाचवा अर्ज मी. मला घेऊन ती बाजारात केफालासकडे गेली. हा म्हातारा जुना शिपाई, गुडघ्यातून गेलेला, लोकांचे अर्ज लिहून पोट भरणारा.

"बाबा, आता थेट राजालाच लिहा," ती म्हणाली.

"राजा काय करील? खाली पाठवील. खाली कोण बसलाय?"

"मग मी काय करू? कोरड्या पाटात बसून राहू?"

केफालासने बराच वेळ लेखणी चावली. तिच्या पाच अर्जांवर आपण जेवलो आणि तिच्या हाती काही लागलं नाही, हे त्याला खात असावं. त्याने मला उलटं केलं आणि विचारलं, "पोरी, तुझं शेत पावलांनी किती, ते पाठ आहे?"

बापाने शिकवलेला आकडा तिने झोपेतही सांगितला असता. मग तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला, खोडत राहिला आणि शेवटी माझ्या पाठीवर चार ओळी उतरल्या:

नदी शेत नेते, परत देते,
निकानोर नेतो, देत नाही.
नदीला लिहिता येत नाही,
निकानोरला लाज येत नाही, येत नाही, येत नाही.

"शेवटची ओळ लांबली," सेनोसिरिस म्हणाली.

"लांबू दे. तुझं शेतही तेवढंच लांब आहे."

तिने उसन्या जवावर बिअर गाळली आणि मला दुकानात घड्यांच्या वर टांगलं. ज्याला वाचता येई तो वाची आणि ज्याला येत नसे तो ऐके. दुसऱ्या घड्यापर्यंत सगळे गात. दहा दिवसांत धोबिणी ते गाऊ लागल्या, मग गाढववाले, मग देवळातले पुजारीसुद्धा, अर्थात तोंड वळवून. निकानोर रस्त्याने चालला की कुणी गात नसे. सगळे नुसते गुणगुणत. गुणगुणण्याविरुद्ध अर्ज कसा लिहावा, हे त्यालाही माहीत नव्हतं.

पूर ओसरला. मोजणीचा दिवस आला. दोरी ओढणारे गडी एका ठेक्यावर चालतात, ठेक्यासाठी गातात. एका अक्षराला एक पाऊल. आणि आमच्याकडे गाणं अर्ध्यात तोडलं तर पुढल्या वर्षी नदी रुसते असा पक्का समज. त्यामुळे ओळ संपेपर्यंत कुणी थांबत नाही, राजाने सांगितलं तरी.

गड्यांनी कोणतं गाणं उचललं, ते सांगायला नको. तोवर मला सगळं तोंडपाठ झालं होतं. सेनोसिरिसने मला कमरेला खोचलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं.

गडी चालले. गाणं एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या वेळी "लाज येत नाही" म्हणत ते निकानोरच्या खुंटीपाशी पोचले. तो म्हणाला, "बस. इथेच हद्द."

पुढचा गडी पाखोईस म्हणून होता. चालता चालताच तो म्हणाला, "साहेब, ओळ राहिलीय."

येत नाही, येत नाही. आठ पावलं. तिथे गाणं संपलं, पाखोईसने खुंटी ठोकली आणि गाळाखालून दगडाचा खणखणीत आवाज आला. तिच्या बापाच्या हद्दीचा दगड. दीडशे माणसं उभी होती. निकानोरला लिहावं लागलं. त्याच्या आयुष्यातली ती एकुलती एक खरी नोंद असेल.

दुसऱ्या दिवशी सेनोसिरिसच्या पाटात पाणी आलं आणि मी जप्त झालो. राजद्रोहाचा पुरावा म्हणून माझी गुंडाळी करून कचेरीच्या हंडीत कोंबली. सहा वर्षं मी तिथे होतो. पुरावा कुणी तपासला नाही. तपासायला माणूस एकच होता, आणि त्याला मी पाठ होतो.

मग कचेरीने रद्दी काढली. आमच्याकडे रद्दी मढ्यांच्या कारागिरांकडे जाते. कागदाचे थर खळीत चिकटवून ते मेलेल्यांचे मुखवटे करतात. नेमका तेव्हाच निकानोर वारला. त्याच्या बायकोने मुखवटा स्वस्तातला सांगितला आणि एकच विचारलं, वरून सोन्याचा दिसेल ना?

"दिसेल की," कारागीर म्हणाला. "आत काय चिकटवलंय, कोण बघतं, बाई?"

आत मी होतो. उजव्या कानाशी, ओळी आतल्या बाजूला. बाहेरून सोनेरी, हसरा, पुण्यवान निकानोर, आणि कानाशी दोन हजार वर्षं मी. इतका निवांत श्रोता दुसऱ्या कुठल्या कवितेला मिळालेला मला ठाऊक नाही.

मग समुद्रापलीकडचे विद्वान आले. त्यांनी मुखवटा कोमट पाण्यात सोडवला आणि मला काचेत बसवलं. थोरल्या प्राध्यापकांनी अर्ज वाचला, अधिकाऱ्याचा शेरा वाचला, 'तक्रार उरलेली नाही' वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. अर्जाची बाजू लोकांकडे लागली. खाली पाटी आली: 'प्राचीन काळातील तत्पर प्रशासनाचा नमुना'.

पाठीवरच्या ओळींवर त्यांनी पुस्तकाच्या तळटीपेत दोन वाक्यं खर्च केली. सामान्य गावठी पद्य. कवीला अक्षरं मोजता येत नव्हती, शेवटच्या ओळीत आठ जादा आहेत, नक्कल उतरवणाऱ्याची चूक समजून ती गाळली आहेत.

गाळली आहेत! निकानोरने पावलं गाळली तेव्हा त्याला निदान मेव्हण्याचं भलं करायचं होतं. यांनी फुकटात गाळली. आणि अर्ज कुणाकडे करायचा? संग्रहालयाकडे केला, तर तो याच प्राध्यापकांकडे लक्ष घालण्यासाठी येईल.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमची सहल कधी या दालनात आली, तर पाटी वाचू नका. पहारेकऱ्याला म्हणा, हा कागद जरा उलटा करा. आणि मग ओळी मोठ्याने वाचा, चालत चालत, एका अक्षराला एक पाऊल. शेवटी "येत नाही, येत नाही" गाळू नका. ती कवीची चूक नव्हे. ती सेनोसिरिसची जमीन आहे.