इसाकच्या हंड्यात पळी

इसाक प्लाटकीसच्या हंड्यात कुणी पळी घालायची नाही, खुद्द इसाकनेसुद्धा नाही. तीन पायांच्या त्या बिडाच्या हंड्यात मटण परतून झालं की वर कांदा, गाजर, बटाटा, कोबी असे थर लावायचे, झाकण घालायचं आणि तीन तास हात बांधून बसायचं. ढवळलं की सगळ्याचा चिखल. दक्षिण आफ्रिकेतल्या या कोरड्या कारूत हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि गेली चाळीस वर्षं गावात लग्न असो की मयत, चर्चच्या आवारातला हंडा इसाकचाच असायचा.

आज मात्र त्याची बायको लेनी सकाळपासून मनातल्या मनात देवाला विनवत होती. गेल्या हिवाळ्यात इसाक चर्चहून घरी यायची वाट विसरला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या नदीत बसलेला सापडला. तेव्हापासून मुलगी डोरीन त्याला केपटाउनच्या वृद्धाश्रमात न्यायचं म्हणत होती. लेनी भडकून बोलून गेली होती, "काही झालेलं नाही त्याला. अजून एकटा हंडा लावतो तो."

"मग रविवारी लावू दे," डोरीन म्हणाली होती. "मी बघते. जमलं, तर हा विषय पुन्हा काढणार नाही."

काय गरज होती बोलायची? पण बोलून बसली होती खरी.

इसाकने मात्र सुरुवात झकास केली. बाभळीचे निखारे पाडले, मेंढीच्या शेपटाची चरबी वितळवली, मानेचं मटण लालबुंद परतलं, धणे-लवंग टाकली आणि थर लावून झाकण घातलं. त्याचा धाकटा भाऊ अब्राम खोक्यावर बसून बघत होता.

"दादा, मीठ घातलंस, की तेही विसरलास?"

"तुझ्या तोंडात घालतो, म्हणजे गप बसशील."

खिडकीत उभी असलेली डोरीनसुद्धा हसली. लेनीच्या जिवात जीव आला.

दोन तासांनी अब्राम लाकडं आणायला मागे गेला, डोरीन आत पाव कापायला लागली. ताटं घेऊन लेनी अंगणात आली आणि जागीच थिजली. झाकण मातीत पडलं होतं. इसाक वाकून हंड्यात पळी गरागरा फिरवत होता, रस्सा उडून त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. बटाटे फुटले होते, कोबी तळाला गेला होता. त्याचा चेहरा इतका शांत होता की तिला रडू फुटलं.

"इसाक, अरे काय करतोयस?"

"पेज आहे, लेनी. ढवळली नाही तर बुडाला लागेल. पोरं उठतील आता."

पोरं तिशी ओलांडून गेली होती. लेनीने त्याच्या हातातून पळी काढून घेतली, आणि तेवढ्यात डोरीन दारात आली. अब्रामही लाकडं घेऊन आला.

इसाकने हंड्यात पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ओळख परत आली, आणि तिच्यामागून संताप.

"माझ्या हंड्यात पळी कुणी घातली?"

"मी," लेनी म्हणाली. "चुकलं माझं."

"चाळीस वर्षं माझ्या चुलीशी बसतेस, आणि एवढी अक्कल नाही? मेंढरांना घालायचं का हे आता?"

"वहिनी, तुम्ही पण ना," अब्राम म्हणाला.

लेनी मान खाली घालून ऐकत राहिली. बोल, आणखी बोल, असं तिला वाटत होतं. हा तिचाच इसाक बोलत होता.

सगळे जेवायला बसले. तो गाळ कुणी नावाजला नाही, टाकलाही नाही. डोरीन ओलं फडकं घेऊन वडिलांजवळ बसली आणि त्यांची बाही पुसू लागली. मनगटापासून कोपरापर्यंत रस्सा सुकला होता. पुसता पुसता तिने आईकडे पाहिलं. आईच्या बाह्या कोऱ्या होत्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "किती दिवस अशी ढवळत बसणार आहेस?"

"जमेल तितके दिवस," लेनी म्हणाली.

डोरीनने फडकं पिळलं आणि दुसरी बाही पुसायला घेतली. सोमवारी ती एकटीच केपटाउनला परत गेली.