खारी वाळू

रोह्याजवळच्या गावात अंगणवाडीच्या स्लॅबचा नारळ फुटला, मिक्सर घरघरला, आणि मालूने सहज वाळूची चिमूट जिभेवर ठेवली. लगेच थुंकली. माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरातलं. मीठ तिला अंधारातही कळायचं.

अंगणवाडीची ही मदतनीस पदर खोचून थेट वाळूच्या ढिगावर जाऊन बसली.

"मिक्सर बंद करा. वाळू खाडीची हाय."

ठेकेदार रितेशशेठ हसला. "काकी, वाळू खायची नसते हो."

"माणसाला थुंकता येतं शेठ. सळईला नाय येत."

माणसं खदखदली. शेठ तेवढा हसायचा थांबला.

"ऊठ गो मालू," म्हातारी बायजाबाई म्हणाली, "साडेदहापर्यंतच मुहूर्त हाय."

"माझ्या माहेरच्या शाळेलापण मुहूर्त होता. दहा वर्षांत मिठानं आतली सळई गंजली, गंजून फुगली, नि छताचा ढलपा बाकावर पडला. रविवार होता म्हणून पोरं वाचली. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याला मी खोदून खोदून विचारलंय."

खिचडी खाऊन पोरं याच छताखाली रांगेत झोपणार होती. झोपेत वर सरकलेले त्यांचे फ्रॉक खाली ओढायचं काम मालूचं. ढलपे झेलायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं.

"सिमेंट जास्त टाकतो, झालं?" शेठ म्हणाला.

"मीठ सिमेंटला भीत नाय."

तिचा नवरा हिरामण पंचायतीचा मेंबर. नारळ त्यानेच फोडलेला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मालू, लोक बघतायत. मला पंचायतीत बसायचंय."

"बसा की. मी इथं बसलेय."

हिरामणने तिच्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. मग वाकून चिमूट उचलली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली. चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा झाला.

"शेठ," तो म्हणाला, "डंपर बोलवा. ही उचला."

साडेदहा वाजून गेले. बायजाबाईने कपाळाला हात लावला. शेठ फोनवर कुणावर तरी ओरडत होता. मालू ढिगावरून हलली नाही.

"आता तरी उठा काकी!"

"डंपर भरला की उठते. तोवर ऐका. उद्या मालात पाणी बेतानं घाला, ओतायला सोपं जातं म्हणून पातळ नाय करायचा. स्लॅबवर पंधरा दिवस पाणी साचवून ठेवायचं, ते मी बघीन. नि सळई खालच्या फळ्यांना टेकलीय, फळ्या काढल्या की उघडी पडून गंजेल. तिच्याखाली ठोकळे कुठंयत?"

शेठने मदतीसाठी हिरामणकडे मान वळवली. तो शिडी चढून सळईखाली बोट घालून बघत होता.