सतरा नंबर आला की भिंत

सतरा नंबरची गाडी आठव्या वळणातून बाहेर पडली की मास्तर खुर्ची फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे.

पंचांच्या त्या खोलीची तशी रीतच होती. शर्यतीत ज्याचं नात्याचं कुणी धावतंय, त्याने त्या गाडीचा निवाडा करायचा नाही, पडद्याकडे बघायचंसुद्धा नाही. मुख्य पंच, म्हणजे सगळ्यांचे साहेब, यांनी कधीकाळी स्वतःचा भाचा धावत असताना अशी खुर्ची फिरवली होती. तेव्हापासून ती रीत पडली, आणि साहेबांना तिचा एवढा अभिमान, की नव्या माणसाला चहा विचारायच्या आधी ते ही गोष्ट ऐकवायचे.

सतरा नंबर ही मास्तरांची लेक होती.

मास्तर एरवी टेलर. सुट्टीच्या दिवशी या खोलीत, नवव्या वळणाचे पंच. शेजारच्या खुर्चीत पीटीच्या बाई. त्या एरवी शाळेत कवायत घ्यायच्या आणि इथे गाड्यांशीही त्याच आवाजात बोलायच्या. काम सोपं होतं. वळणावरचा कॅमेरा समोरच्या पडद्यावर दाखवेल ते बघायचं. वळणाच्या बाहेरच्या कडेला पांढरी रेष. चारही चाकं तिच्यापलीकडे गेली तर ‘बाहेर’. एक चाक जरी रेषेला चिकटून राहिलं तर ‘आत’. पलीकडून गेलं की वळण ऐसपैस मिळतं, वेग राखता येतो, म्हणून सगळ्यांनाच पलीकडून जायचं असतं. तीनदा गेलं तर नुसती ताकीद. चौथ्यांदा गेलं की एकूण वेळेत पाच सेकंदांची भर.

“डोळे उघडे, तोंड बंद,” साहेब म्हणायचे. “एवढं जमलं की झालात पंच.”

आज हंगामातली शेवटची शर्यत होती आणि समोरच्या स्टँडमध्ये एका मोठ्या संघाचा माणूस येऊन बसला होता. त्याने लेकीला सांगून ठेवलं होतं, पहिल्या तिघांत ये, पुढच्या वर्षी आमची एक गाडी तुझी. नाही आलीस तर नाही. लेकीने हे घरी सांगितलं तेव्हा तिची आई कपडे वाळत घालत होती. “मग ये की तिसरी,” ती म्हणाली, जणू कोपऱ्यावरून भाजी आणायला सांगत होती. मास्तर मात्र त्या रात्री

भिंत.

फिकट हिरवा रंग. एक खिळा, त्यावर काहीच टांगलेलं नाही. खालच्या अंगाला ओल. उजवीकडे डोक्याच्या उंचीवर हातभर खिडकी, काच धुळकट, पण तिच्यातून नवव्या वळणाचं टोक दिसायचं. चतकोरच दिसायचं. भिंतीकडे बघताना खिडकीकडे बघू नये, असं रीत सांगत नव्हती.

“आत,” बाई म्हणाल्या.

खुर्ची परत फिरली.

मास्तर मात्र त्या रात्री झोपले नव्हते, एवढंच सांगायचं होतं.

पहिला अर्धा तास सुरळीत गेला. लेक तिसरी होती. तिच्या मागे डॉक्टर, म्हणजे खरोखरचे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायचे आणि सुट्टीला इथे येऊन पुढच्याच्या शेपटाला दात लावून बसायचे.

मग ऊन कललं. समोरच्या टेकाडावरून ते तिरपं थेट कॅमेऱ्यावर यायला लागलं, आणि नवव्या वळणावर सगळ्यांनाच काय झालं कोण जाणे. हा बाहेर, तो बाहेर. मास्तर एका मागून एक ‘बाहेर’ सांगत सुटले. डॉक्टर एकदा बाहेर. डॉक्टर पुन्हा बाहेर. टेबलावरचा फोन थांबेना. संघांचे लोक ओरडून सांगत होते की आमची गाडी आत होती. आता, शर्यतीत बाहेर गेलेला एकही माणूस आजवर स्वतःच्या मते बाहेर गेलेला नाही, त्यामुळे बाई फोन उचलायच्या, “बरं” म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या.

“आज काय यांच्या अंगात आलंय?” मास्तर वैतागून म्हणाले. “रेष दिसत नाही का? एवढी चकचकीत पांढरी

भिंत.

खिळा. ओल. खिडकी. खिडकीत एक लाल पट्टा सर्रकन गेला. लेकीची गाडी.

“बाहेर,” बाई म्हणाल्या. “पहिली ताकीद.”

मास्तर फिरले नाहीत. काहीतरी अडकलं होतं.

नवव्या वळणावर रेषेच्या पलीकडे लगेच माती होती. चारही चाकं पलीकडे गेली की धुळीचा लोट उठलाच पाहिजे. सकाळच्या सरावात कुणी गेलं की उठत होता. आणि आत्ता खिडकीतल्या त्या चतकोरात धूळ नव्हती. चिमूटभरसुद्धा नाही.

“मास्तर, डॉक्टर आले. फिरा.”

फिरले. पडद्यावर डॉक्टरांची चारही चाकं त्या पांढऱ्या रेषेपलीकडे होती, स्वच्छ दिसत होतं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि ‘बाहेर’ म्हणायच्याऐवजी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. धूळ नाही.

“मास्तर?”

“बाहेर,” ते म्हणाले, कारण पडद्यावर बाहेरच होतं. डॉक्टरांची तिसरी.

पुढच्या फेरीला लेकीची दुसरी ताकीद. त्याच्या पुढच्या फेरीला तिसरी. दोन्ही वेळा मास्तर भिंतीकडे तोंड करून, खिडकीत डोळे घालून बसले होते, आणि दोन्ही वेळा धुळीचा पत्ता नव्हता.

आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. या शर्यतीच्या आधी ते वळण रुंद केलं होतं. नवी रेष बाहेरच्या अंगाला मारली होती आणि जुन्या रेषेवर काळा रंग फासला होता. काळा, पण तेलकट, तुकतुकीत. तिरप्या उन्हात तो काळा रंग आरशासारखा चमकत असणार. आणि खरी पांढरी रेष दिवसभराच्या टायरांनी काळवंडलेली, तिच्याकडे कोण बघतंय. ऊन कलल्यापासून खोलीतले दोघेही जाणते पंच पुसलेल्या रेषेवरून माणसांना बाहेर काढत होते.

“बाई, आपण चुकतोय,” मास्तर म्हणाले.

“आपण?”

“ती रेष नाहीच. ती जुनी आहे. पँट सैल केली की कसं, जुनी शिवण उसवली तरी इस्त्री केल्यावर तिची खूण...”

“मास्तर, इथे पँट नाही शिवत आपण.”

मास्तर उठून साहेबांच्या टेबलाशी गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा चष्मा पुसला.

“तुमच्या मुलीला आत्ताच तिसरी ताकीद मिळाली ना?”

“मी तिचं बोलतच नाहीये. मी डॉक्टरांचं बोलतोय. त्यांना मीच तीनदा बाहेर काढलं, आणि तिन्ही वेळा चुकीचं.”

“डॉक्टरांचा एकदम एवढा कळवळा?”

“साहेब, पलीकडे गेलं तर धूळ उडते. उडत नाहीये.”

“धूळ तुम्हाला कुठून दिसली? तुम्ही तर भिंतीकडे बघत होता.”

“भिंतीत खिडकी आहे.”

साहेबांनी सावकाश खिडकीकडे पाहिलं. इतकी वर्षं ते या खोलीत होते, पण ती खिडकी त्यांना आजच दिसली.

“म्हणजे रीत मोडलीत,” ते म्हणाले.

“सकाळचं चित्रण काढून बघा. सकाळी ऊन मागून होतं.”

“सकाळी कॅमेरा लांब होता, जेवणानंतर जवळ आणला. त्यावरून काही ठरणार नाही.” साहेबांनी आवाज खाली आणला. “मास्तर, ज्याची पोर धावतेय त्याने शर्यत चालू असताना येऊन म्हणायचं की रेषच चुकलीय. मी ऐकलं, तर उद्या प्रत्येक बाप येईल. शर्यत संपल्यावर दाखवा. दाखवाल तर सगळ्यांचं सगळं मागे घेतो, कागदावर सही करून. तोवर पडद्यावर दिसतं ते. आता जागेवर.”

मास्तर जागेवर आले. पुढे जे झालं ते त्यांनी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं, कारण

भिंत.

लेकीच्या इंजिनाचा आवाज त्यांना हजारांत ओळखू यायचा. आठव्यातून निघताना तो चढायचा आणि नवव्यात तसाच ताणलेला राहायचा. या खेपेला नवव्याच्या तोंडाशी तो पडला. तिने पाय उचलला होता. साहजिकच होतं. तीन ताकिदी झालेल्या, चौथी परवडणारी नव्हती. जिथे जायला तिला पुरेपूर हक्क होता तिथून ती पोर अंग चोरून जात होती, आणि बापाला भिंतीतल्या खिळ्याकडे बघत ते ऐकावं लागत होतं.

लगोलग दुसरा आवाज. न पडलेला. डॉक्टरांनी पाय उचलला नव्हता.

“गेले पुढे डॉक्टर,” बाई म्हणाल्या. मग, “बाहेर. मी सांगते, तुम्ही वळेपर्यंत वेळ जाईल. डॉक्टरांची चौथी. पाच सेकंद.”

शर्यत संपली. डॉक्टर शेवटच्या रेषेवर तिसरे आले, लेक चौथी, त्यांच्या मागे जेमतेम तीन सेकंदांनी. डॉक्टरांच्या वेळेत पाच वाढवले आणि पडद्यावर नावं वरखाली झाली. सतरा नंबर, तिसरी.

बाईंनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. कवायतीच्या हाताची, सणसणीत.

“झालं ना तुमच्या मनासारखं? उगीच डोकं पिकवत होता.”

मास्तर हसले की काय कोण जाणे. खिडकीशी जाऊन उभं राहिल्यावर त्यांना खाली लेक दिसत होती. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले, आणि स्टँडमधला तो माणूस पायऱ्या उतरून तिच्याकडे चालत येत होता.

“मास्तर,” मागून साहेब म्हणाले. “चला. दाखवा तुमची रेष.”



“ऊन तर गेलं टेकाडामागे,” बाई म्हणाल्या. त्या साहेबांकडे नव्हत्या बघत. मास्तरांकडे बघत होत्या, आणि शाळेतल्या पोराला डोळ्यांनी गप्प बसवावं तशा बघत होत्या. “आता काय दिसणार? राहू दे, साहेब. मास्तरांचा भास असेल. हो ना, मास्तर?”

किती सोपं होतं. भास, म्हणायचं. ऊन डोळ्यांवर आलं असेल, म्हणायचं. अर्ध्या तासापूर्वी मास्तरांनीच घसा कोरडा करून सांगितलं होतं आणि साहेबांनी त्यांना जागेवर परत पाठवलं होतं. तेव्हा ऐकलं असतं तर लेक पाय न उचलता, कुणाचे पाच सेकंद न घेता, स्वतःच्या चाकांवर तिसरी आली असती. आता ऐकायला निघालेत. मास्तरांना त्या क्षणी साहेबांचा, बाईंचा, त्या डॉक्टरांचा, रंग फासणाऱ्या कोण त्या गड्याचा, सगळ्यांचा एकत्र असा राग आला की कानशिलं तापली. आणि त्यातही सगळ्यांत जास्त राग याचा, की आपलं म्हणणं अजूनही बरोबरच होतं.

“ॲम्ब्युलन्स मागवा,” ते म्हणाले.

“कुणाला काय झालं?” साहेब दचकले.

“दिवे हवेत. खालून, समोरून.”

ॲम्ब्युलन्सवाला जांभया देत गाडी नवव्या वळणापलीकडे घेऊन गेला. टेकाडाच्या बाजूने तिचं तोंड कॅमेऱ्याकडे केलं, दिवे लावले. पडद्यावर संध्याकाळच्या राखाडी डांबरात एक रेष उजळली. चकचकीत, पांढरी, सरळ.

“ही बघा रेष,” साहेब म्हणाले.

“दिवे विझव रे,” मास्तरांनी फोनवर सांगितलं.

दिवे विझले. रेष गेली. तिथे काळा पट्टा होता, आणि त्याच्या बाहेर, पाच-सहा हातांवर, टायरांनी मळलेली दुसरी रेष. खरी.

बाईंनी पडद्याजवळ जाऊन त्या मळक्या रेषेवर बोट ठेवलं. “ऊन कलल्यापासून,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सगळ्याच्या सगळ्या.”

“सगळ्याच्या सगळ्या,” साहेब म्हणाले. त्यांनी सही केली. डॉक्टरांचे पाच सेकंद परत गेले. लेकीच्या तीन ताकिदी परत गेल्या, पण ताकिदी परत घेऊन कुणाला काही मिळत नसतं. उचललेला पाय परत द्यायची सोय नियमांत नव्हती. साहेबांनी दोनदा पानं चाळून पाहिली.

मास्तर खाली गेले तेव्हा लेक हातमोजे पिशवीत कोंबत होती. तो माणूस निघून गेला होता.

“चौथी केलं परत,” ती म्हणाली. “कुणीतरी जाऊन सांगितलं म्हणे, रेष चुकीची आहे.”

“हो.”

“अर्धा तास आधी सांगितलं असतं तर?”

“सांगितलं होतं.”

तिचे हात थांबले. मग तिने वर पाहिलं, आणि कुणी सांगितलं ते तिला विचारावं लागलं नाही.

“तेव्हा ऐकलं नाही त्यांनी,” मास्तर म्हणाले.

“मग नंतर कशाला सांगितलंत, बाबा?”

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण उघड्यावर काढलं की ते फार लहान दिसलं असतं. त्यांनी तिची पिशवी उचलली.

एरवी घरची गाडी ती चालवायची, बापाच्या हाती कधी द्यायची नाही. आज ती दुसऱ्या बाजूने जाऊन बसली आणि त्यांच्याकडे पाठ करून, काचेला नाक लावून, बाहेर बघत राहिली. मास्तर हळू चालवत होते. आईला काय सांगायचं, हा प्रश्न दोघांच्या मधे मुकाट बसून येत होता.

गावाच्या अलीकडे रस्ता वळतो. मास्तरांचं लक्ष नव्हतं. डावीकडची दोन्ही चाकं कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून मातीत उतरली, मग उजवीकडचीही, आणि खडखडाट करत गाडी परत डांबरावर चढली. मागे धूळ उठली.

लेकीने मान वळवली नाही.

“बाहेर,” ती काचेला म्हणाली.