मेंढीसकट

माझी बिनपगारी रजा संपत आली होती आणि आमचे बाबा एका मेंढीपायी खड्ड्याच्या काठावर अडून बसले होते.

मेंढी व्हिडिओ गेममधली. बाबांना झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला. बाबांनी तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. मग मी माळ्यावरून आमच्या लहानपणचा गेम काढला, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि रिमोट त्यांच्या हातात कोंबला. "काहीही खेळू द्या," बाई म्हणाल्या, "पण अंगठा हलू दे. जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं." अंगठा आला नाही तर बाबा एकटे राहू शकणार नव्हते. दादाने फोनवर एक वृद्धाश्रमही सुचवून टाकला होता. फोन स्पीकरवर आहे, हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं.

तर गेममधल्या टोपीवाल्याला तिसऱ्या लेव्हलला बसायला एक जाडी मेंढी मिळते. पुढे मोठा खड्डा. काठावर आलं की तिच्या पाठीवरून उडी मारायची. टोपीवाला पलीकडे, मेंढी खाली. सगळे असंच खेळतात. मी आणि दादाने असल्या शेकडो मेंढ्या खड्ड्यात घातल्या असतील.

"आणि मेंढी?" बाबांनी विचारलं.

"ती पडते. तिचं काम तेवढंच."

"जन्मभर बस चालवली मी. गाडी दरीत सोडून ड्रायव्हर उडी मारतो होय?"

"बाबा, ती बस नाही, मेंढी आहे!"

"तेच म्हणतोय. बसला तरी जीव नसतो."

एकदा वैतागून मी रिमोट हिसकावला आणि उडी मारून दाखवली. मेंढी बें करत खाली गेली. बाबा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, जेवलेही नाहीत.

मेंढीसकट पलीकडे जायची एकच युक्ती होती. अंगठ्याच्या टोकाने पळायचं बटण दाबून धरायचं आणि ते न सोडता त्याच अंगठ्याच्या पेराने उडीचं बटण दाबायचं. धडधाकट दादाला ते कधी जमलं नव्हतं. आणि ज्या अंगठ्याला चमचा पेलत नाही, तो म्हणे आता हे करणार! सकाळपासून टोपीवाला आणि मेंढी जोडीने खड्ड्यात पडायचे आणि बाबा म्हणायचे, "पुन्हा." मध्येच डाव्या हाताची लबाडी चालायची, की मी ओरडायचे. ती एकच धून ऐकून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

"दोघं पडतात ते चालतं का तुम्हाला?"

"दोघं पडले तर चालतं. तिला एकटीला सोडायचं नाही."

पालथ्या घड्यावर पाणी.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात मी भाजी घेऊन आले, तर आतून वेगळीच धून ऐकू आली. चौथी लेव्हल! टोपीवाला तिथे एकटाच उभा होता. गेम बनवणाऱ्यांनी पुढे मेंढी काढलीच नव्हती. ती इथवर पोचेल असं त्यांना वाटलंच नसणार. मला वाटलं, आता पुन्हा अबोला आणि उपास.

"खड्डा पार केला दोघांनी. मग तिचा स्टॉप आला," बाबा शांतपणे म्हणाले. "उतरली." मग माझ्याकडे वळले. "तूही जा आता आपल्या घरी. नवरा वाट बघत असेल."

तेव्हा मला त्यांचा शर्ट दिसला. इतके महिने मी त्यांना डोक्यातून घालायचे कपडे चढवत होते. आज अंगात शर्ट होता आणि सगळी बटणं लावलेली होती, फक्त एक काज चुकल्यामुळे एक बाजू वर गेली होती.

"चुकलंय हो," मी म्हणाले. मी बटणाला हात घातला, तर त्यांनी तो झटकून टाकला. सगळी बटणं सोडली आणि खालून पुन्हा सुरुवात केली. एकेका बटणाला इतका वेळ, की माझा जीव नुसता कासावीस झाला. भाजीची पिशवी धरून मी तशीच उभी राहिले आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.