पाव मैलानंतरची थरथर

श्यामराव आठल्यांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नव्हती. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या त्यांच्या गॅरेजात तरी अशीच समजूत होती, आणि ती पसरवण्याचं काम ते स्वतः जातीनं करत. इंजिन सुरू करायचं, बॉनेटला कान लावायचा, डोळे मिटायचे, ‘तिसरा व्हॉल्व्ह’ एवढंच म्हणायचं आणि चहा मागवायचा, ही त्यांची पद्धत. तिसऱ्याच्या जागी दुसरा निघाला, तर गाडीनंच थाप मारली असं ठरत असे.

त्यामुळे सत्तर सालच्या हिवाळ्यात त्यांच्या स्वतःच्या जीपची पुढची चाकं थरथरायला लागली, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाचा तरी असणं भागच होतं.

जीप युद्धानंतरच्या लिलावातली. तिच्यात श्यामरावांनी ट्रकचं सहा सिलिंडरांचं इंजिन कोंबलं होतं आणि छप्पर काढून टाकलं होतं. बराकपूरच्या जुन्या धावपट्टीवर थंडीत मोटार क्लबाच्या शर्यती होत, त्यासाठी हा सगळा खटाटोप. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ रेषेत पाव मैल सुसाट सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. ‘वळायचं नाही, थांबायचं नाही, म्हणजे डोकं लागतच नाही. यांना बरोबर जमतं,’ असं त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई म्हणत.

जीप चालवायची त्यांची मुलगी लीना. ती सगळ्यांत हलकी म्हणून, असं श्यामराव सांगत. घरात सगळ्यांत चांगली तीच चालवते, हे खरं कारण. पण ते त्यांनी कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. डिसेंबरच्या शर्यतीत लीनानं पहिली येऊन रेघ ओलांडली, पाय उचलला, आणि पुढची दोन्ही चाकं वेड लागल्यासारखी डावी-उजवी फडफडायला लागली. जीप गवतात गेली. लीनाला काही झालं नाही, पण क्लबानं ताकीद दिली की पुन्हा असं झालं तर वर्षभर यायचं नाही.

श्यामराव कामाला लागले. चाकं तोलून घेतली. बेअरिंगं आवळली. स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे नवे घातले, टायरमधली हवा दहा वेळा मोजली, दोन्ही चाकं समांतर आहेत की नाही ते दोरा लावून पाहिलं. मग रोज संध्याकाळी जीप सॉल्ट लेकला न्यायची. तिथं तेव्हा भर घातलेल्या वाळूखेरीज आणि नव्याकोऱ्या रिकाम्या रस्त्यांखेरीज काही नव्हतं, त्यामुळे चाचणीला जागाच जागा.

आता मराठी मंडळात असली बातमी लपत नाही. फुकटात मोकळी हवा मिळते म्हटल्यावर विमा कंपनीतले चारुदत्त सबनीस पहिल्याच दिवशी हजर झाले. त्यांचं वजन सहज अडीच मण. सोबत त्यांच्या सौभाग्यवती कालिंदीबाई, तोलामोलाच्या, मांडीवर चिवड्याचा डबा. शिवाय कधी दोघे, कधी तिघे. मागच्या बाकड्यांवर अशी पंगत बसली की श्यामराव साठाच्या वेगानं जीप सोडत आणि एकदम पाय उचलत. चाकं तसूभर हलत नसत.

“बघितलंत?” श्यामराव मागं वळून म्हणत. “माझ्या हातात कशी गोगलगाय!”

लीना त्या वेळी शिकवण्या घ्यायची, त्यामुळे ती या सहलींना नसे. तिनं एकदा जेवताना सांगून पाहिलं. तिच्या मराठीला कलकत्त्याचा हेल होता, आणि चिडली की तो वाढायचा.

“बाबा, जोरात जाताना हलत नाही. पाय उचलला की हलतं. ब्रेक लावला की अजून जास्त. हे हातांचं कसं असेल?”

“रेघ ओलांडली की तू घाबरतेस. हात कापतात, तेच चाकात उतरतं. बाईमाणसाचं असं होतंच.”

हे एवढ्यावर थांबलं असतं तर घरातल्या घरात मिटलं असतं. पण संक्रांतीच्या तिळगुळाला मंडळात पन्नास माणसांसमोर श्यामरावांनी हेच सांगितलं, वर स्वतःचे हात थरथरवून नक्कलही करून दाखवली. लोक हसले. कोपऱ्यात उभी असलेली लीना हसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लबाला चालक बदलल्याचा अर्ज दिला. लीनाऐवजी भाचा मुकुंद. कारणाच्या रकान्यात सुवाच्य इंग्रजीत लिहिलं, ‘चालकाचे हात स्थिर नाहीत.’

मुकुंद नागपूरहून बदली होऊन आलेला, बँकेत अधिकारी, गुणी मुलगा. त्यानं उभ्या आयुष्यात फक्त स्कूटर चालवली होती. मामांना नाही कसं म्हणायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो रोज थोडा थोडा वाळत चालला होता.

शर्यतीच्या रविवारी मंडळातली नेहमीची मंडळी जीपमधूनच बराकपूरला निघाली. प्रेमलताबाई, लीना आणि मुकुंद सियालदाहहून लोकलनं पुढं गेले होते. आठ दिवस लीना बापाशी एक शब्द बोललेली नव्हती. तरी पान्यांची पिशवी तिनंच आणली होती.

फाटकाशी मंडळी चिवड्यासकट उतरली. श्यामराव एकटेच जीप घेऊन बाजूच्या पट्टीवर निघाले. मुकुंदला जरा रुबाब दाखवावा म्हणून त्यांनी पन्नासाचा वेग पकडला आणि पाय उचलला.

स्टिअरिंगनं त्यांच्या दोन्ही हातांना असा हिसका दिला की टोपी उडाली. चाकं फडफडली, दात वाजले, जीप तिरकी होऊन कशीबशी थांबली. श्यामराव टोपी उचलायला उतरले. मग जीप वळवून फाटकाशी आले.

“बसा परत,” ते म्हणाले.

मंडळी बसली. पन्नास, पाय वर, काही नाही. मंडळी उतरली. पन्नास, पाय वर, फडफड. मग त्यांनी नुसत्या सबनिसांना बसवून पाहिलं. किंचित हललं.

“म्हणजे मी थोडा कमी पडतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?” सबनिसांनी दुखावून विचारलं. त्यांच्यावर आजवर हा आरोप कुणी केला नव्हता.

श्यामराव खाली उतरून दहा पावलं मागं गेले आणि जीपकडे बाजूनं बघत राहिले. शेपटी वर, नाक खाली, झेप घेणाऱ्या मांजरासारखी. हे रूप तिला त्यांनीच दिलं होतं. डिसेंबरच्या शर्यतीच्या तोंडावर जुन्या मासिकांच्या दुकानात एका अमेरिकन शर्यतीच्या गाडीचं चित्र पाहून ते इतके खूश झाले, की मागचे स्प्रिंगचे पाटे ज्या लोखंडी पट्ट्यांना टांगलेले असतात ती शॅकलं त्यांनी चांगली पाच इंच लांब करून बसवली. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं, तिचं वरचं टोक थोडं मागं कललेलं लागतं, सायकलच्या पुढच्या दांड्यासारखं. तो कल असला की चाक आपणहून सरळ राहतं. गाडीची शेपटी उचलली की तो कल जातो. सुटताना नाक वर उठतं म्हणून निभावतं. पाय उचलला की नाक खाली, आणि चाकांना धरबंध राहत नाही. मागं सबनीस दांपत्य बसलं की शेपटी खाली आणि सगळं जागच्या जागी. गॅरेजात नवशिक्या पोराला त्यांनी हे पहिल्या आठवड्यात शिकवलं असतं.

श्यामरावांना लाज वाटली. पण लाजेच्या आधी, खरं सांगायचं तर, एक हिशेबी विचार मनात येऊन गेला. जुनी शॅकलं सीटखालच्या पेटीत आहेत. अर्ध्या तासात बदलून होतील. मुकुंद चालवेल, चाकं हलणार नाहीत, आणि आपलं म्हणणं कायमचं खरं ठरेल.

ते पेटीकडे वळले, तर जुनी शॅकलं हातात घेऊन लीना समोर उभी. तिनंही सगळं पाहिलं होतं. तिनं मुकाट्यानं जॅक लावला, मुकाट्यानं नट सोडवले, मुकाट्यानं ग्रीसचे हात पुसले. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. काम झाल्यावर श्यामरावांनी रिकामी जीप एकदा पळवली. पाय उचलला, ब्रेक दाबला. जीप नाकासमोर जाऊन थांबली.

ते तडक क्लबाच्या तंबूत गेले. सचिव सेनगुप्ता समोर माईक घेऊन बसले होते.

“पुन्हा चालक बदलायचा? मोशाय, शर्यतीला वीस मिनिटं उरलीत. आणि कारण लेखी लागेल. मागचं होतं तसं.”

श्यामरावांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग एका दमात लिहिलं. सेनगुप्तांनी वाचलं, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि नियमानुसार माईकवरून जाहीर केलं: सात नंबरच्या गाडीचा चालक मुकुंद नाही, लीना आठल्ये, मागचा अर्ज चुकीचा होता, दोष गाडीत होता आणि तो मालकानं घातलेला होता. आधी इंग्रजीत, मग बंगालीत. दुसऱ्या खेपेला गर्दीतून टाळ्याही पडल्या.

श्यामराव घामाघूम होऊन जीपशी आले. मुकुंदच्या तोंडावर आठवड्याभरात पहिल्यांदा रंग आला होता. लीना हेल्मेट काखेत धरून उभी होती.

“ऐकलंस ना?” त्यांनी विचारलं.

“ऐकलं. आता मराठीत सांगा.”

“अगं, माईकवर सांगितलं, हजार लोकांनी...”

“हात कापतात हे तुम्ही मराठीत सांगितलं होतं, बाबा. यांच्यासमोर.”

मंडळी गोल करून उभी होती. कालिंदीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. श्यामरावांनी घसा साफ केला. इंग्रजीत सोपं गेलं होतं. ते परक्यांशी बोलणं होतं.

“लीनाचे हात कधीच कापत नव्हते,” ते म्हणाले. “मागची बाजू मी उंच केली. मला कळायला हवं होतं. तिनं सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. चूक माझी झाली.”

प्रेमलताबाई कानामागं हात धरून पुढं झाल्या.

“तुला ऐकू आलं नाही का?” श्यामरावांनी विचारलं.

“आलं की. पण तीस वर्षं वाट पाहिली आहे. परत म्हणा.”

श्यामरावांनी परत म्हटलं. या वेळी लीनाकडे बघून. लीनाचे डोळे भरले होते. तिनं घाईनं हेल्मेट चढवलं.

“बाबा, मागं सरका. टायर खडे उडवतो.”

ते सरकले. झेंडा पडला. शेजारच्या निळ्या गाडीनं लीनाला हातभर अंतरानं हरवलं. रेघेपलीकडे तिनं पाय उचलला, ब्रेक दाबला, आणि जीप धावपट्टीच्या मधोमध सरळ जाऊन उभी राहिली. श्यामराव हरल्याचं विसरले आणि सगळी माणसं बघत असताना, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाव मैल धावत सुटले.