पोथीला घातलेले अभ्यंग

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी लेखणी आहे. लेखणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बोरू आणि दौत आली असेल. पण माझा शाईशी कधी संबंध आला नाही. माझे एक टोक सुईसारखे, तर दुसरे सुरीच्या पात्यासारखे आहे. पात्याने ताडपत्र कापायचे आणि टोकाने त्यावर अक्षरे कोरायची. कोरलेली अक्षरे तशी दिसत नाहीत. म्हणून तेलात कालवलेली काजळी पानावर चोळायची आणि फडक्याने पुसून घ्यायची. वरची काजळी निघून जाते, रेघांत बसलेली राहते आणि अक्षरे काळीभोर उठून दिसतात. हे ध्यानात असू द्या, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

माझा जन्म कावेरीकाठच्या एका खेड्यात, लोहाराच्या भट्टीत झाला. श्रीनिवासच्या आजोबांनी मला करवून घेतले. त्यांच्या हातून मी त्याच्या वडिलांकडे आणि मग त्याच्याकडे आले. तिघांच्या बोटांनी मी गुळगुळीत झाले. विसाव्या वर्षी तो न्यायशास्त्र शिकायला पुण्याला निघाला, तेव्हा मी त्याच्या कमरेला खोचलेली होते. पेशव्यांचे पुणे म्हणजे आमच्या गावापासून दोन महिन्यांची वाट.

पुण्याच्या वेशीवरच्या चौकीत शिपायाने पहिल्यांदा मलाच उपसले. "हे काय रे?"

श्रीनिवासला तंजावरच्या बाजारात ऐकलेले थोडेसे मराठी येत होते. "लिहायचं," तो म्हणाला.

"सुरीनं लिहितोस? मग जेवतोस कशानं, भाल्यानं?"

सगळे हसले. श्रीनिवासला मात्र वाटले, आता तुरुंगात टाकणार. ज्यांच्याकडे तो शिकायला आला होता, त्या धोंडोशास्त्र्यांचा माणूस येऊन ओळख देईपर्यंत त्याला तिथेच बसवून ठेवले. त्या दुपारी भीती त्याच्या अंगात शिरली ती चार महिने निघाली नाही. मला ती त्याच्या तळहाताच्या घामावरून कळायची. इतका घाम की माझ्या अंगावर गंजाचे ठिपके उठले.

धोंडोशास्त्री शनिवार पेठेत राहत. मोठे विद्वान, पण जिभेला धार माझ्याहून जास्त. त्यांच्या पत्नी मुक्ताबाई मायाळू होत्या, मात्र त्या भरभर बोलत आणि श्रीनिवासला त्यातले निम्मे समजत नसे. माधुकरी मागायला गेला की बायका काहीतरी विचारत, हा नुसती मान हलवी, आणि भाताऐवजी झोळीत ज्वारीची भाकरी पडे. मार्गशीर्षातल्या थंडीत त्याचे दात वाजत. पण हे सारे त्याने सोसले असते.

त्याची खरी भीती वेगळीच होती. इथल्या पोथ्या कागदावर, बाळबोध अक्षरांत लिहिलेल्या. ती अक्षरे त्याला वाचताच येत नव्हती. आमच्याकडे संस्कृतही दुसऱ्या लिपीत लिहितात. गावाकडून आणलेल्या पत्रात त्याच्या विद्वत्तेची एवढी स्तुती होती की पहिल्या दिवशी हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी तर अजूनच नाही. मग तो काय करी? पाठाच्या वेळी कान टवकारून बसे, ऐकलेले सगळे तोंडपाठ करी आणि समोरच्या पानावर उगाच नजर फिरवी. कळले की हाकलून देतील, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

एके सकाळी शास्त्रीबुवा म्हणाले, "श्रीनिवासा, उद्या पोथी तू वाचायची. आज घरी राहून ती नीट पाहून ठेव. अक्षरं पुसट झालीत." त्यांचे बोलणे संस्कृतात होई, मी तुम्हांला मराठीत सांगते आहे. ती पोथी त्यांच्या गुरूंच्या हातची होती आणि चार महिने पाठ तिच्यावरूनच चालला होता. पुण्यात तिची दुसरी प्रत नव्हती.

शास्त्रीबुवा ओंकारेश्वराच्या देवळात गेले. श्रीनिवास पोथीपुढे बसला. उद्या आपले बिंग फुटणार हे त्याला ठाऊक होते. वाचता येत नाही तर निदान पोथीची सेवा तरी करावी, म्हणजे गुरुजींचा राग थोडा कमी होईल, असे त्या बिचाऱ्याच्या मनात आले. आमच्या गावी अक्षरे पुसट झाली की चांगला शिष्य काय करतो, ते तुम्हांला मघाशी सांगितलेच आहे.

त्याने मुक्ताबाईंकडे तेल मागितले. "डोक्याला हवं ना? घे बाळ, चांगलं भरपूर घे," त्या म्हणाल्या. त्याने माझ्याच पात्याने देवघरातल्या कोनाड्याची काजळी खरवडली. मला बोलता येत असते तर मी ओरडले असते, असे म्हणावेसे वाटते. पण खरे सांगते, मलाही ते बरोबरच वाटले. कागद काय चीज आहे, हे मला तरी कुठे माहीत होते?

एक पान चोळून त्याने बाजूला ठेवले, काजळी जरा मुरू दे म्हणून. मग दुसरे, तिसरे, चौथे. नंतर फडके घेऊन पहिले पान पुसायला गेला, तर ते कोळशासारखे काळे. चारही पाने तशीच. कागदाने तेल पिऊन टाकले होते.

श्रीनिवासने पोथी उराशी धरली आणि तो धावत नदीकडे सुटला. पाने धुवून काढावीत, नाही निघाली तर तसेच गावाकडे चालू लागावे, एवढेच त्याला सुचत होते. त्याच्या छातीचे ठोके मला कमरेपाशी ऐकू येत होते.

काठावर कागदीपुऱ्यातला मैनुद्दीन ओले कागद वाळत घालत होता. कागद करणे हाच त्याच्या घराचा पिढीजात धंदा, आणि शास्त्रीबुवांकडेही त्याचाच कागद जाई. श्रीनिवास पाण्यात उतरतो आहे हे पाहून त्याने त्याचे मनगट धरले.

"महाराज, पाण्यात नका घालू. तेलानं चार पानं गेली, पाण्यानं सगळी पोथी जाईल."

त्याने पाने हलक्या हाताने सोडवली, त्यांवर शंखजिऱ्याची भुकटी पसरली आणि कोऱ्या कागदांत घालून दगडाखाली दाबली. घटकाभराने भुकटीने बरेच तेल ओढले. काजळी मात्र हटली नाही.

"बाकीची वाचली. ही चार नाही. आता शास्त्रीबुवांना सांगायला हवं," मैनुद्दीन म्हणाला. "चला, मी दारापर्यंत येतो."

श्रीनिवास एकेक पाऊल मोजत निघाला. मैनुद्दीन त्याच्या पुढे न जाता शेजारून चालत राहिला.

अंगणात शास्त्रीबुवांनी ती काळी पाने पाहिली. एकेक पान उजेडात धरले. मग म्हणाले, "एवढ्या लांबून येऊन आपण आमच्या पोथीला अभ्यंग घातलंत. शिकेकाई लावायची राहिली वाटतं?"

 मुक्ताबाई दारातून म्हणाल्या, "अहो, तेल मीच दिलं. आधी विचारा तरी त्याला, त्यांच्याकडे कसं करतात ते."

शास्त्रीबुवांनी विचारले. श्रीनिवासने झोळीतून एक कोरे ताडपत्र काढले आणि मला हातात घेतले. घामाने मी दोनदा निसटले. त्याने एक ओळ कोरली, काजळी चोळली, पुसली. अक्षरे उमटली. शास्त्रीबुवा पुढे वाकले. त्यांनी असे कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे आमची अक्षरं तुला वाचता येत नाहीत."

"नाही, गुरुजी."

"चार महिने?"

"चार महिने. पण ऐकलेलं सगळं येतं."

"या पानांवरचंही?"

श्रीनिवासने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली.  शास्त्रीबुवांनी बोरू घेतला. मैनुद्दीनने अंगणातूनच चार कोरे कागद पुढे केले. ऊन कलेपर्यंत एक सांगत होता, दुसरा लिहीत होता. चौथ्या पानाच्या मध्यावर श्रीनिवास अडखळला. "इथले दोन शब्द मला आठवत नाहीत," तो म्हणाला. अंदाजाने काही सांगून वेळ मारून नेता आली असती. शास्त्रीबुवांनी तेवढी जागा कोरी सोडली.

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर माझ्या गुरूंचं अक्षर वाचलं असतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "उद्यापासून धुळाक्षरं."

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास सहा-सात वर्षांच्या मुलांत मांडी घालून बसला. मुले त्याला हसत आणि शिकवतही. धुळपाटीवर अक्षर काढायला त्याने मलाच घेतले. त्या दिवशी त्याचा तळहात कोरडा होता.

पुढे तो पुण्याचाच झाला, शास्त्री झाला, बोरूने लिहू लागला. मी कोनाड्यात पडून गंजले. त्याचे मला वाईट वाटते, ते लपवत नाही. पण परमुलखातून कोणी विद्यार्थी घामाघूम होऊन दारात आला की श्रीनिवासशास्त्री मला पुसून त्याच्या हातात देतात आणि गुरुजींकडून आलेली ती पोथी उघडतात. पुढे दुसऱ्या गावच्या एका प्रतीत त्यांना ते दोन शब्द सापडले, तरी ती जागा त्यांनी भरली नाही.

मित्रांनो, लोखंडाला जपायचे तर कोरडे ठेवा, कागदाला जपायचे तर तेलापासून दूर ठेवा. आणि नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारा, तुमच्याकडे कसे करतात? श्रीनिवासशास्त्री तेच विचारतात. मग त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणतात, "मला इथलं येत नव्हतं. तुला काय येत नाही, ते आजच सांग."